वाटेतली तूट

नेटवर्कचं काम करतो म्हटलं की समोरचा माणूस आधी वेगाचंच विचारतो. "तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, मग आतल्या खोलीत पंधरा-वीसच कसे येतात?" मला आधी वेगळंच जाणून घ्यायचं असतं. राउटर कुठे ठेवलाय, आतली खोली कुठे आहे आणि दोघांच्या मधे काय आहे? या शेवटच्या प्रश्नाला गोव्यात आमच्या फोंडा-डिचोलीकडे बहुतेक वेळा "चिरे", म्हणजे जांभा दगड, हेच उत्तर येतं. जुनं घर म्हणजे दीड-दोन फुटांच्या भिंती, मधोमध राजांगण, त्याच्या चहूबाजूंनी पडव्या. आणि राउटर बाहेरच्या ओसरीवर, कारण कनेक्शन द्यायला आलेल्या मुलाला भिंतीला भोक पाडायची परवानगी तिथवरच मिळालेली. वाय-फायला या भिंती मानवत नाहीत, त्यातून ५ गिगाहर्ट्झवाल्याला तर मुळीच नाहीत. पावसाळ्यात चिरा पाणी पितो तेव्हा आणखी पंचाईत.

चवथीला हे दुखणं हमखास उफाळून येतं. मुंबई-पुण्याची मंडळी घरी आलेली, दुबईचा भाऊ येऊ न शकलेला, आणि गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली कुणीतरी मोबाइल धरून त्याला आरती दाखवतंय. "घालीन लोटांगण"पर्यंत पोचेपर्यंत चित्र गोठतं. मग दुसऱ्या दिवशी मला फोन. एक्स्टेंडर घेऊ का, हा ठरलेला प्रश्न. जिथे मुळात सिग्नल अर्धमेला पोचतो तिथे त्याचीच री ओढणारं यंत्र बसवून काय मिळणार? ओसरीवरून माजघरात एक केबल ओढा आणि माजघरात ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलीतून आलेला सिग्नल वाय-फायने पसरवणारं यंत्र, लावा. केबल म्हटलं की चेहरे पडतात. भिंतीवर पट्टी दिसेल, रंग जाईल, हे सगळं खरं आहे. पण चिऱ्याच्या भिंतीशी भांडण्यापेक्षा तिच्या कडेकडेने जाणं स्वस्त पडतं.

मग कुठली केबल, हा प्रश्न येतो. घरापुरतं त्याचं उत्तर दोन वाक्यांत संपतं. चांगल्या तांब्याची कॅट ६ (कॅट म्हणजे कॅटेगरी, केबलीची प्रतवारी) घ्या आणि पुढे जा. कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएस, नेते, पण नव्याने ओढायचीच असेल तर दोघींच्या किमतीतला फरक मजुरीपुढे काहीच नाही. कॅट ६वर १० गिगाबिटही चालतं, मात्र साधारण ५५ मीटरपर्यंतच. पूर्ण १०० मीटर हवे असतील तर कॅट ६ए लागते. ती जाड आणि ताठर असते, जुन्या घराच्या अरुंद पाइपातून वळताना रडवते. कॅट ८ तर डेटा सेंटरमधल्या रॅकांसाठी आहे, तिची मजल ३० मीटर. ऑनलाइन मिळणाऱ्या चपट्या, फितीसारख्या केबलवर "कॅट ८" छापलेलं असतं, त्यावर मी काही बोलत नाही. छापायला काय जातं?

तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहे हे या धंद्यातल्या पोराटोरांनाही पाठ असतं. तिच्यात ९० मीटर भिंतीतली पक्की केबल आणि दोन्ही टोकांच्या सुट्या जोडतारांसाठी (पॅच कॉर्ड) १० मीटर, असा हिशेब धरलेला आहे, हे मात्र बरेच जण विसरतात. १०१व्या मीटरला सिग्नल मरतो असंही नाही. मी १२० मीटरवर मजेत चालणाऱ्या केबली पाहिल्या आहेत. १०० मीटर ही प्रमाणकाने दिलेली हमी आहे. त्यापुढे चाललं तर तुमचं नशीब.

कुळागरात पाटाने पाणी सोडतात तेव्हा तोंडाशी भरून वाहणारा पाट शेवटच्या पोफळीपर्यंत जाईतो निम्मा झालेला असतो. वाटेत माती पिते, खेकड्यांची बिळं पितात. तारेतला सिग्नलही असाच वाटेत झिरपतो. ही तूट डेसिबलमध्ये मोजतात. डेसिबलचं गणित शाळेत भीती घालतं, पण कामापुरतं सोपं आहे: ३ डेसिबल तूट म्हणजे अर्धी शक्ती गेली, १० म्हणजे दहावा हिस्सा उरला, २० म्हणजे शंभरावा. कॅट ५ईच्या पूर्ण लांबीच्या जोडणीत १०० मेगाहर्ट्झला २४ डेसिबलपर्यंत तूट चालते. म्हणजे निघालेल्या शक्तीचा सुमारे अडीचशेवा हिस्सा पोचला तरी पलीकडचा पोर्ट त्यातून काम भागवतो. कॅट ६ला ही मुभा साधारण २१ डेसिबलची. आकडा जवळचा वाटतो, पण त्या तीन डेसिबलमध्ये पोचणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते.

आता यात गोव्याचा एप्रिल-मे घाला. हे आकडे २० अंश तापमानाला धरलेले असतात. आपल्याकडे केबल सर्रास माळ्यावरून, कौलांच्या खालून नेतात, कारण तिथे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. दुपारी त्या माळ्यावर चढून बघा. आत धातूचं कवच (शील्ड) नसलेल्या साध्या केबलची तूट ४० अंशांपर्यंत दर अंशाला ०.४ टक्के वाढते आणि त्यापुढे ०.६ टक्के. माळा ५० अंशांवर गेला तर एकूण १४ टक्के. म्हणजे तुमची १०० मीटर केबल तुटीच्या हिशेबात ११४ मीटरची झाली. पौषात ठणठणीत चाललेली जोडणी वैशाखात दुपारी का अडखळते, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. आणि आपण दोष देतो कंपनीला.

तूट ही एकच गोष्ट नाही, शेजाऱ्यांची कुजबुजही असते. एका केबलीत चार जोड्या, आठ तारा. प्रत्येक जोडीला पीळ घातलेला असतो, म्हणजे बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा त्रास दोन्ही तारांना सारखाच होतो आणि वजाबाकीत उडून जातो. जोड तारेची ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची. त्याचं पेटंट १८८१चं आहे. चार जोड्यांचा पीळ मुद्दाम कमीजास्त ठेवतात, नाहीतर दोन जोड्या एकमेकींच्या तालावर चालायला लागतील. जॅक मारताना हा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडवायचा नसतो. पण भिंतीवरचा बॉक्स उघडला की दोन-दोन इंच सोडवलेल्या, नीट विंचरून ठेवलेल्या तारा दिसतात. दिसायला सुंदर. पोरांना वाटतं, सरळ तार म्हणजे स्वच्छ काम.

आठ तारांवरून आठवलं. स्पीड टेस्ट ९४-९५वर जाऊन थांबत असेल, त्यावर एकही जात नसेल, तर प्लॅनकडे बघू नका, केबलीकडे बघा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. एखादी तार प्लगमध्ये नीट बसली नसेल, किंवा किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेने पिन काळवंडली असेल, तर दोन्हीकडची यंत्रं आपापसांत ठरवून १००वर येतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. कळंगुट-मिरामारकडे हे फार. प्लगच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, स्वस्त प्लगमध्ये तो नावापुरताच. पाच-दहा रुपयांच्या वस्तूत किती सोनं येणार?

पण या धंद्यातला सगळ्यात मोठा चकवा वेगळाच आहे. दुकानात ३०५ मीटरची पेटी मिळते, हजार फुटांची. एकाच नावाच्या दोन पेट्यांच्या किमतीत निम्म्याचा फरक दिसला तर स्वस्तातली बहुधा तांब्याची नसते. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. पेटीवर बारीक अक्षरात "सीसीए" लिहिलेलं असतं, किंवा नसतंही. ओळखायचं कसं? तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियम. पेटी उचलूनही कळतं. हाताला हलकी लागली की समजावं.

गंमत अशी की ही केबल चाचणीत फसवते. वेगाने बदलणारा सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो आणि पृष्ठभाग तर तांब्याचा आहे. त्यामुळे थोड्या अंतरावर डेटा झकास चालतो, गिऱ्हाईक खूश, ठेकेदार मोकळा. भांडं फुटतं ते त्याच तारेतून वीज पाठवायची वेळ आली की. सीसीटीव्हीचे कॅमेरे हल्ली याच केबलीवर जगतात. डीसी करंट तारेच्या सगळ्या जाडीतून वाहतो, आणि ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या जेमतेम ६० टक्के. केबलीतूनच वीज द्यायच्या या पद्धतीला पीओई म्हणतात; साध्या पीओईत स्विच, म्हणजे सगळ्या केबली एकत्र जोडणारी पेटी, पोर्टमागे १५.४ वॉट देतो आणि टोकाला १२.९५ वॉटची खात्री असते; मधली अडीच वॉट तूट चांगल्या तांब्याची तार गृहीत धरून सोडलेली आहे. तार निकृष्ट असली की तूट वाढते आणि वाढलेली तूट केबलीच्या जुडग्यात उष्णता होऊन बसते.

सावईवेऱ्याकडच्या एका कुळागरातल्या होमस्टेचं उदाहरण देतो. मालकांची तक्रार अशी की गेटवरचा कॅमेरा दिवसा उत्तम चालतो आणि रात्री बंद पडतो. चोर रात्री येतो, कॅमेराही रात्रीच झोपतो. आधीच्या ठेकेदाराने दोनदा कॅमेरा बदलून दिला होता. कॅमेऱ्यात काहीच खोट नव्हती. अंधार पडला की त्याच्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते, लांब आणि हलक्या तारेतून विजेचा तेवढा दाब (व्होल्टेज) पोचत नाही, कॅमेरा बंद पडतो. बंद पडला की मागणी संपते, तो पुन्हा सुरू होतो, दिवे लागतात, पुन्हा बंद. रात्रभर हाच खेळ. तार कापून खरवडली, आतून चंदेरी निघाली. मालक ती तार बोटांत धरून बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी त्या ठेकेदाराला जी शिवी दिली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

केबल गेटपर्यंत नेताना मात्र मी तांबं सोडलं आणि फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेच्या तंतूंची केबल, टाकली. कारण अंतरापेक्षाही आभाळातली वीज. इथे मेअखेरीस आणि पुन्हा परतीच्या पावसात ऑक्टोबरच्या संध्याकाळी जे गडगडतं, ते ज्यांनी सत्तरी-फोंड्यात काढलंय त्यांना सांगायला नको. दोन वेगळ्या इमारतींची अर्थिंग वेगळी असते. जवळपास वीज पडली की त्या दोन जमिनींत क्षणभर प्रचंड दाबाचा फरक पडतो, आणि त्यांना जोडणारी तांब्याची तार म्हणजे त्याला मिळालेली आयती वाट. स्विचचे पोर्ट ओळीने जळतात. काचेतून वीज जात नाही. म्हणून एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली जायचं असेल तर अंतर २० मीटर असो वा २००, माझं उत्तर फायबर. फक्त एक बघायचं: उंदरांच्या भीतीने लोखंडी चिलखताची फायबर घेतली आणि तिचं चिलखत नीट अर्थ केलं नाही, तर ज्याला दाराबाहेर काढलं त्याला खिडकीतून आत घेतल्यासारखं होतं. मी पाइप जाड घालतो आणि आत बिनधातूची केबल नेतो. उंदीर तरीही प्रयत्न करतातच.

फायबरचं अंतर मोजण्यावरून आमच्या भागातल्या एका देवस्थानाच्या बैठकीत चांगलीच चर्चा झाली होती. कार्यालयातून तळीपलीकडच्या वाहनतळापर्यंत कॅमेरे न्यायचे होते. महाजनांपैकी एक म्हणाले, "हें बघ, हांगाच्यान दिसता न्हय? ऐंशी मीटर जाल्यार जालें." दिसत होतं खरं. पण केबल डोळ्यांनी जात नाही. ती कार्यालयाच्या मागून उतरणार, अग्रशाळेच्या (भाविकांच्या उतरण्याच्या जागेच्या) पडवीतून जाणार, तळीला वळसा घालणार, नौबतखान्याच्या पायाला हात न लावता पलीकडे निघणार, आणि दोन्ही टोकांना पुढच्या दुरुस्तीसाठी चार-पाच मीटरचं वेटोळं ठेवावं लागणार. टेप धरून चाललो तर १७० मीटर भरले, तांब्याच्या शंभराच्या मर्यादेपलीकडे. "मधे एक स्विच बसवूया," अशी सूचना आली. बसवता येतो. त्याला वीज हवी, पावसात टिकणारी पेटी हवी, आणि त्या उबदार पेटीत मुंग्या आणि पाली संसार थाटणार नाहीत अशी हमी हवी. ती हमी गोव्यात कोण देणार?

फायबर ठरल्यावर सिंगल मोड की मल्टिमोड, हा वाद निघाला नाही, कारण मी तो निघूच दिला नाही. मल्टिमोडचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉनचा, सिंगल मोडचा साधारण ९. रुंद गाभ्यात प्रकाश वेगवेगळ्या वाटांनी धावतो, सगळे एकदम पोचत नाहीत, आणि जितका वेग वाढवाल तितका हा घोळ अंतर खातो. जुन्या नारिंगी ६२.५च्या फायबरवर १० गिगाबिट जेमतेम ३३ मीटर जातं. नव्या ओएम ३ जातीच्या मल्टिमोडवर ३००. सिंगल मोडवर तेच १० गिगाबिट १० किलोमीटर जातं. आणि सिंगल मोड केबल महाग नाही. टोकाची यंत्रं पूर्वी महाग होती, आता तीही आवाक्यात आहेत. ज्याच्यासाठी जमीन खणायची, त्यात सिंगल मोडच घालावी, असं माझं ठाम मत आहे. यंत्रं दर सात-आठ वर्षांनी बदलतील, चर पुन्हा कोण खणणार?

जोडणीच्या दिवशी पाऊस धरून होता, म्हणून अग्रशाळेच्या पडवीत टेबल मांडलं. स्प्लायसिंग, म्हणजे काचेच्या धाग्यांची टोकं वितळवून सांधणं, बघायला दोन-तीन पुजारी आणि शाळा सुटलेली मुलं जमली. वरचं काळं कवच, मग नळी, मग रंगीत लेपाचा केसाएवढा धागा. तो लेप चिमट्याने ओढून काढला की उरते १२५ मायक्रॉनची नुसती काच. अल्कोहोलच्या फडक्याने पुसली की ती बारीक कर्र आवाज करते, तो आवाज आला की स्वच्छ झाली. क्लीव्हरने टोक काटकोनात तोडायचं, यंत्राच्या खाचेत ठेवायचं, झाकण लावायचं. पडद्यावर दोन टोकं खांबांएवढी दिसतात, आपोआप समोरासमोर सरकतात, ठिणगी पडते आणि मधली रेघ नाहीशी होते. खाली आकडा येतो: ०.०२ डेसिबल. एका मुलाने विचारलं, "आतां लायट भितरल्यान वता?" तोडलेले तुकडे मी मोजून डबीत टाकत होतो, कारण ती काच पायात किंवा बोटात शिरली की दिसतही नाही आणि निघतही नाही.

मग हिशेब केला. सिंगल मोडला १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल तूट. आमच्या १७० मीटरची झाली ०.०६. दोन्हीकडच्या जोडांची मिळून फार तर ०.२. आणि टोकांच्या कनेक्टरांची? प्रत्येकी अर्धा डेसिबल धरला तरी एक. सगळी मिळून सव्वा डेसिबल. तांबं वाटेत हरवतं, फायबर दाराशी हरवते. नऊ मायक्रॉनच्या गाभ्यावर धुळीचा एक कण बसला तर किलोमीटरभर केबलीपेक्षा जास्त तूट तो एकटा करतो. म्हणून फायबरचं टोक बोटाने पुसणाऱ्याला मी दुसऱ्यांदा केबलीला हात लावू देत नाही.

एका काळी मात्र काचेतही वाटेतच सगळं संपत असे. नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५४मध्ये तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं, पण मैलोन्मैल जायचं तर काच तेवढी शुद्ध नव्हती. चार्ल्स काव यांनी १९६६मध्ये मांडलं की दोष काचेतल्या अशुद्धीचा आहे. किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत तूट खाली आणली तर दूरसंचार शक्य आहे. म्हणजे किलोमीटरनंतर शंभरावा हिस्सा उरला तरी चालेल! कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीने १९७०मध्ये तो टप्पा ओलांडला, काव यांना २००९मध्ये नोबेल मिळालं. आज १५५० नॅनोमीटरवर किलोमीटरला ०.२ डेसिबल तूट होते, पंचाण्णव टक्के प्रकाश शाबूत राहतो.

तरीही घरोघरच्या फायबरच्या यंत्रावर सिग्नल गेल्याचा लाल दिवा लागतोच, कारण तिथे अंतर खात नाही, वाटणी खाते. रस्त्यावरची एक फायबर स्प्लिटरने ३२ घरांत वाटली की त्यातच १७ डेसिबल जातात. सगळ्या जोडणीची तूट सोसायची ऐपत साधारण २८ डेसिबलची. उरल्यासुरल्यात मग माडाचं चुडत पडून ताणलेली केबल, माकडांनी झोके घेऊन सैल केलेला जोड, आणि कपाटामागे घडी घालून दाबलेलं आपलंच वेटोळं. शेवटचं तेवढं आपल्या हातात असतं. सुपारीएवढं वेटोळं करू नका, पोळीएवढं ठेवा.

देवस्थानाच्या कामात पैशांवरून एकच घासाघीस झाली. दोन कोर (काचेचे धागे) पुरत असताना मी सहा कोरांची केबल लिहिली होती. "अरे, केबलीक इतले पयशे?" खजिनदार भाईंनी अंदाजपत्रकावर बोट ठेवलं. मी त्यांना खणण्याची, चिरे काढून पुन्हा बसवण्याची ओळ दाखवली. तिच्यापुढे चार जादा कोरांचे पैसे किरकोळ होते. शेजारी एक मोकळा पाइपही घातला, आत नायलॉनची दोरी सोडून. भाईंना ते काही फारसं पटलं नव्हतं. जत्रेतलं नाटक थेट दाखवायची टूम पुढे निघाली तेव्हा अग्रशाळेतल्या जॉइंट बॉक्समधून दोन कोर रंगमंचाकडे वळवले. दोन अजून मोकळे आहेत.